झोपलेला गोठा

मेस्त्रींच्या घरात प्रश्न विचारायचं काम पद्मजाकडे होतं. ते तिला कोणी दिलं नव्हतं, तिनंच आपणहून घेतलं होतं. लग्न होऊन मुलुंडहून साकीनाक्याला आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं सासऱ्यांना विचारलं होतं, की गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी का आखतात. दत्ताराम मेस्त्रींनी हातातला कुंचला न थांबवता उत्तर दिलं होतं, "आधी आखले तर आपण घासतो, पुसतो, ता सगळा तो बघत रवतलो. देवाक लाज वाटात." हे उत्तर पद्मजाला इतकं आवडलं, की त्या दिवसापासून तिची मूर्तींच्या या कारखान्याशी सोयरीक जुळली. नवऱ्याशी जुळायला जरा वेळ लागला, पण ती कथा वेगळी.

नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळी ती कारखान्याच्या शेडमध्ये केर काढत होती. गल्लीतली लेथ मशिनं बंद असल्यामुळे रविवारी तिथं माणसाला स्वतःचा विचार ऐकू यायचा. कोपऱ्यात जुन्या चादरीचा पडदा लावलेला होता आणि पडद्यामागे पास्कोल परेराच्या गावठाणाचा गोठा तयार होत होता. मरोळच्या गावठाणात क्रुसाजवळ दर नाताळात मांडायचा हा येशूजन्माचा गोठा. पास्कोल आणि दत्ताराम, म्हणजे घरातले अण्णा, एका गिरणीत, एका खात्यात होते. गिरणी गेली, पण गोठा राहिला. भाद्रपदात गणपती, आश्विनात देवी आणि मार्गशीर्षात बाळयेशू, असं मेस्त्रींचं वर्ष होतं, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

यंदा अण्णांनी पडद्यामागे कोणाला येऊ दिलं नव्हतं. पद्मजाच्या झाडूला मात्र तसं कोणी बजावलेलं नव्हतं. तिनं चादर उचलून आत झाडू घातला, मान वर केली आणि तशीच उभी राहिली.

गाय झोपली होती.

बसलेली गाय, मान वळवलेली, आणि पापण्या मिटलेल्या. शेजारी गाढव, तेही झोपलेलं. मेरी हात जोडून गुडघ्यांवर बसली होती आणि झोपली होती. तिन्ही राजे भेटवस्तू धरून उभ्या उभ्या पेंगत होते. मेंढपाळाचं एक वेळ समजण्यासारखं होतं, बिचारा दिवसभर रानात असतो. पण काठी टेकून उभा असलेला जोसेफही गाढ झोपावा? टॉवेलावर ठेवलेलं बाळ तर झोपलेलंच होतं, पण बाळांनी झोपायचंच असतं.

पद्मजानं चादर हळूच खाली सोडली. गणपतीचे डोळे आखायला ज्या माणसाकडे परळहून माणसं यायची, त्यानं नऊ मूर्ती केल्या आणि एकाही मूर्तीला डोळा उघडू दिला नाही. का?

हा प्रश्न नेहमीसारखा पटकन विचारून टाकण्यातला नव्हता, कारण त्या वर्षी घरात डोळ्यांवरून आधीच रामायण चाललं होतं. मेस्त्रींकडे जुना रिवाज होता. माती कोणीही मळावी, साचा कोणीही भरावा, अंगाचा रंग कोणीही द्यावा, पण डोळे आखील तो कारखान्याचा धनी. अण्णांच्या वडिलांनी मालवणातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे तिथल्या मूर्तींच्या कारखान्यात, एके दिवशी कुंचला अण्णांच्या हातात दिला आणि स्वतः उठून विडी ओढायला बाहेर गेले. झालं, तेवढ्यात वारसा पुरा झाला. आता अण्णांनी कुंचला कोणाला द्यायचा, यावर दोन मुलगे दिवाळीपासून एकमेकांशी धड बोलत नव्हते. थोरला चंद्रप्रकाश, म्हणजे पद्मजाचा नवरा, गोरेगावच्या स्टुडिओत सेटिंग खात्यात होता. त्याला शेड रिकामी करून तिथं सिनेमाच्या सेटसाठी फायबरचं काम सुरू करायचं होतं. धाकटा गुणाजी अण्णांच्या हाताखालीच वाढलेला. त्याला शेड होती तशीच हवी होती. अण्णांनी दोघांना सांगितलं होतं, "पास्कोलचो गोठो जावंदे. मगे सांगतंय." आणि पास्कोल आज संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता.

दुपारी सगळे जेवायला बसले. बांगड्याचं तिखलं होतं, त्यामुळे सुरुवातीला कोणी भांडलं नाही.

"आमच्याकडे सेट लागलाय ना, नाताळचाच आहे," चंद्रप्रकाश भात कालवत म्हणाला. "झकास पिक्चर आहे. एका म्हाताऱ्याची केकची बेकरी असते. दोन मुलगे. म्हातारा बोलतो, नाताळच्या दिवशी सांगीन बेकरी कोणाला ते. मग दोघं भाऊ एकमेकांच्या केकमध्ये मीठ काय टाकतात, भट्टी काय विझवतात. फुल कॉमेडी."

"मग शेवटी कोणाला मिळते?" पद्मजानं विचारलं.

"काय?"

"बेकरी."

"शेवट अजून लिहिला नाही. डायरेक्टर बोलला, सुचेल तेव्हा सांगतो."

"मोठ्यालाच मिळणार," गुणाजी ताटात बघत म्हणाला. "मग तो बेकरी पाडून तिथं फायबरचे केक बनवणार."

"तू गप रे! वर्षातले दोन महिने काम, दहा महिने पाट्या झाडत बसायचं. मी काय वाईट सांगतोय? पाण्यात विरघळत नाय, फुटत नाय—"

"न विरघळणारा गणपती विसर्जन कसा करणार दादा? परत घरी घेऊन येणार?"

"चंदू बोलता ता खरा आसा," त्यांची आई जानकी मध्येच म्हणाली. "पुरे झाला ह्या मातीचा. देवन टाका शेड तेका."

पद्मजानं सासूकडे पाहिलं. हेही एक कोडंच होतं. चंद्रप्रकाशच्या कपड्यांना येणाऱ्या फायबरच्या वासानं जी बाई त्याला मोरीपलीकडे येऊ देत नसे, ती दिवाळीपासून फायबरची वकील झाली होती. आणि वकिली करता करता ती आत्ता काय करत होती? ती अण्णांच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढत होती. अगदी सहज, बोलता बोलता, मऊ तुकडे सोलून भाताच्या कडेला ठेवत होती.

पद्मजाचा घास हातातच राहिला. तिचं माहेर मुलुंडचं असलं तरी एवढं तिला कळत होतं, की मालवणी माणूस एक वेळ दुसऱ्याचा सदरा घालील, पण मासळीचे काटे दुसऱ्याकडून काढून घेणार नाही. दत्ताराम मेस्त्री तर बांगडा असा खायचे, की उरलेला सांगाडा शाळेत शिकवायला न्यावा.

अण्णा मुकाट्यानं जेवत होते. पाण्याचा तांब्या घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तो आधी चटईला लागला, मग सरकत सरकत तांब्यापर्यंत गेला.

जेवणं झाली. मुलगे दोन दिशांना तोंडं करून लवंडले. पद्मजा शेडमध्ये गेली. अण्णा पडद्याबाहेर स्टुलावर बसले होते. तिनं फळीवरची एक करवंटी उचलली. तिच्यात लाल रंग कालवलेला होता.

"अण्णा, मेरीच्या ओढणीला अजून एक हात द्यायचा का? हा निळा बरा दिसतोय?"

तिला स्वतःचीच लाज वाटली. पण प्रश्न तोंडातून गेला होता.

अण्णांनी करवंटीकडे बघितलं, म्हणजे करवंटीच्या दिशेनं तोंड केलं. "बरो आसा," ते म्हणाले. मग हसले. "तू खोटा विचारतस तेव्हा तुझो आवाज बारीक येता गो. खंयचो आसा तो?"

"लाल," पद्मजा म्हणाली.

"हां."

एवढ्यात दारातून जानकीचा आवाज आला, "पद्मजा, जरा हंय ये." तिनं सुनेचं मनगट धरून तिला मागच्या नळापाशी नेलं आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती बोलायला लागली.

"कळला ना तुका? मोतीबिंदू आसा. दोनूय डोळ्यांत. डॉक्टर म्हणता, पिकाक होयो, मगे ऑपरेशन. आणि हे भियेतत. बोलणत नाय, पण भियेतत."

"कधीपासून?"

"गोकुळाष्टमीपासना. गौरीचे मुखवटे झाले ना यंदा, ते मी बाजूक बसान सांगी. जरा वर, जरा उजवीकडे, आता थांबा. तेंच्या हाताक सवय आसा म्हणान निभावला. आता ताय होणा नाय."

"मग त्यांनी सगळ्यांना झोपवून टाकलं," पद्मजा म्हणाली. मिटलेल्या पापणीला बुबुळ लागत नाही. एक वाकडी रेघ पुरते, आणि ती अंगठ्यानं चाचपून ओढता येते.

"माका सांगूक नाय तेंनी. मी बघलंय तेव्हा सगळी निजलेली." जानकीला हसू आलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "गाय पण गो!"

"म्हणून तुम्ही फायबरच्या बाजूनं?"

"डोळे गेले म्हणान कारखानो गेलो, असा लोकांनी म्हणूक नको. चंदून मागलो म्हणान दिलो, असा झाला तर तेंचो मान रवता. तू बोलू नको खंय."

पद्मजानं विचार केला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला दिसत होतं. पण म्हाताऱ्या नवऱ्याचा मान पदराखाली झाकून उभ्या असलेल्या या बाईला ते सांगायचं कसं? या घरात तिला सासूबद्दल इतका जिव्हाळा याआधी कधी वाटला नव्हता.

"मी आपणहून सांगणार नाही," ती म्हणाली. "पण कोणी मला विचारलं, तर खोटं बोलता येणार नाही आई."

"तुका कोण विचारतलो? तूच सगळ्यांका विचारतस," जानकी म्हणाली आणि नळ बंद केला.

पास्कोल चारच्या सुमाराला आला. टेम्पोवाल्याला गल्लीच्या तोंडाशी थांबवून तो आरडाओरडा करतच शेडमध्ये शिरला. "कुठं आहे माझा गोठा? दत्ताराम, गेल्या साली बैल म्हणून आरेची म्हस दिली होतीस, आठवतं ना? फादर बोलले, पास्कोल, बेथलेहेम काय गोरेगावच्या बाजूला आहे काय?"

"तो गुणानं केला होता," चंद्रप्रकाश लगेच म्हणाला.

"मी आरेला जाऊन, समोर बसून केला होता," गुणाजी म्हणाला. "तिकडे म्हशीच आहेत, त्याला मी काय करू?"

"बरं, यंदा काय? काढ पडदा."

अण्णा उठले नाहीत. गुणाजीनं चादर ओढली.

पास्कोलनं गायीकडे बघितलं, मग राजांकडे, मग वाकून जोसेफच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं.

"दत्ताराम," तो हलक्या आवाजात म्हणाला, जणू कोणी जागं होईल. "हे सगळे झोपलेत रे."

गुणाजीनं आ वासला होता. चंद्रप्रकाश मात्र स्टुडिओत मुरलेला. "नवीन डिझाइन आहे पास्कोल काका," तो म्हणाला. "रात्रीचा इफेक्ट. शांत रात्र असते ना ती."

"हो, तसाच आहे," गुणाजी घाईघाईनं म्हणाला. दिवाळीपासून पहिल्यांदाच दोन्ही भाऊ एका बाजूला आले, तेही दोघांना काहीच ठाऊक नसताना. बापाच्या कामावर बाहेरच्यानं बोट ठेवलं, एवढंच त्यांना कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. पद्मजाला त्या क्षणी नवऱ्याचं भारी कौतुक वाटलं.

पास्कोल डोकं खाजवत होता. "शांत रात्र बरोबर. बाळ झोपलं, चांगलं झालं. मेरीला झोपू दे, बाळंतीण आहे, दमली असेल. जनावरं झोपली, झोपू दे. पण माझी पाच पोरं झाली रे दत्ताराम. बाळंतिणीच्या घरात एक तरी माणूस जागं नको?"

"होया," जानकीच्या तोंडून निघून गेलं. "पाचवीच्या रातीक तर कोण निजाचोच नाय." आणि तिनं जीभ चावली.

"बघ! वहिनी पण बोलतात. जास्त काय नको. एकटा जोसेफ जागा कर. बाप आहे तो. दोन डोळे तर काढायचे. तुला काय, चुटकीचं काम."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "गुणा, सफेतो लाव पापणीक. आणि माझो बारीक कुंचलो दी."

गुणाजीनं पापण्यांवर पांढरा हात दिला. तो वाळेपर्यंत पास्कोलनं चहा घेतला. मग अण्णा जोसेफसमोर बसले. त्यांनी डाव्या अंगठ्यानं मूर्तीचं कपाळ, नाक, डोळ्याची खाच चाचपली. काळ्या रंगात बुडवलेला कुंचला उचलला आणि पुढं नेला. तो जोसेफच्या कानाशी जाऊन थांबला. मागे आला. परत पुढं गेला आणि नाकाच्या शेंड्यापुढं हवेतच जागा शोधत राहिला.

जानकीनं पदर तोंडाला लावला. यावेळी "जरा वर" म्हणायची सोय नव्हती, सगळे बघत होते.

"अण्णा," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुम्हाला दिसत नाही?"

अण्णांनी कुंचला मांडीवर ठेवला. "नाय."

"कधीपासून?"

"गोकुळाष्टमीपासना."

"मग सांगायचं ना आम्हाला!"

"कधी सांगू? तुम्ही भांडत होतास. तुमका टायम खंय होतो?"

हे ऐकून चंद्रप्रकाशनं मान खाली घातली. गुणाजी बापाच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडायला लागला. पास्कोल खिशातला रुमाल शोधत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"रडतस कित्याक रे? मी मेलंय?" अण्णा म्हणाले. "ह्यो घेवा कुंचलो. दोघांत कोणाक होयो तेणी घेवचो."

आणि मग गंमत झाली. ज्या कुंचल्यासाठी दिवाळीचा फराळ दोन भावांनी दोन खोल्यांत बसून खाल्ला होता, तो आता समोर आला तर कोणी हात पुढं करीना.

"तू घे," चंद्रप्रकाश म्हणाला. "तुझा हात आहे. मी मोठमोठे खांब रंगवणारा माणूस."

"मी डोळा कधी आखलाच नाय दादा. तू लहानपणी एकदा आखला होतास."

"तो अण्णांनी पुसून टाकला होता!"

"म्हणजे आखला तर होतास ना?"

"मेल्यांनो," अण्णा ओरडले, "इतके दिवस कारखानो ओढत होतास, आता कुंचलो ढकलतास? एकेक डोळो आखा. गुणा उजवो, चंदू डावो. पास्कोलचो टेम्पो उभो आसा."

गुणाजीनं डोळे पुसले आणि उजवा डोळा आखला. जीभ दातांत धरून, श्वास कोंडून, बारीक, नेटका. मग चंद्रप्रकाश बसला. त्याचा हात मोठा, बुबुळ जरा मोठंच झालं, जरा बाहेरच्या अंगाला गेलं. पुसायला म्हणून त्यानं कापड उचललं, पण अण्णांना आवाजावरून कळलं.

"पुसू नको. एकदा पुसलंय तो पुरे झालो," ते म्हणाले.

चंद्रप्रकाशनं कापड खाली ठेवलं. त्याचं नाक लाल झालेलं पद्मजाला दिसलं.

"झाले? कसे झाले?" अण्णांनी विचारलं.

"झकास," गुणाजी म्हणाला.

"फर्स्ट क्लास," पास्कोल म्हणाला.

"बरे झालेत हां," जानकी म्हणाली.

पद्मजा उभी होती त्या कोपऱ्याकडे तोंड वळवून अण्णा म्हणाले, "पद्मजा. तू सांग."

जानकीनं सुनेकडे पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं. आजवर या घरात सगळे प्रश्न पद्मजानं विचारले होते. सगळ्यांसमोर हा पहिलाच प्रश्न तिला कोणी विचारला होता, आणि तो इतका महत्त्वाचा असावा! ती मूर्तीसमोर गेली. नीट बघितलं.

"दोन्ही डोळे सारखे नाहीत अण्णा," ती म्हणाली. "उजवा बारीक आहे, तो बरोबर खाली बाळाच्या जागेकडे बघतोय. डावा मोठा झालाय. तो दाराकडे बघतोय."

अण्णांच्या ओठांचा कोपरा हळूहळू वर गेला आणि मग ते असे हसले, की दिवाळीपासून तसं हसू त्या शेडमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

"एक बाळाकडे आणि एक दाराकडे? मगे बरोबर आसा. बापाचे डोळे तसेच असतत."

पास्कोल तर टाळ्याच पिटायला लागला. चंद्रप्रकाश नाक पुसत म्हणाला, "अण्णा, हा शेवट आमच्या डायरेक्टरला सांगू काय?"

"नको. तो दोनूय डोळे सारखे करून टाकीत," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज धन्याचा झाला. "आणि ऐका. पास्कोलाक चलला, गणपतीक असो डोळो चलाचो नाय. संक्रांतीपासना दोघांनी सकाळी हंय बसूचा. चंदू, तुझा फायबर मागच्या पडवीत कर, शेडीत वास नको. मी सांगान, पद्मजा बघीत. झाला काय, ता ती माका खरा सांगतली. आणि ऑपरेशन करूक माका कोण न्हेतलो ता तुम्ही ठरवा, पण त्याच्यावरना भांडू नको."

"मी नेणार," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

संध्याकाळचं ऊन गल्लीत उतरलं होतं. मूर्ती एकेक करून टेम्पोत चढल्या. बाळ चोवीस तारखेला रात्रीच गोठ्यात ठेवायचं असतं, म्हणून पास्कोलनं ते टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतलं. मेस्त्रींच्या कारखान्यातून मूर्ती निघताना तिचं तोंड रुमालानं झाकायचं, ही गणपतीची रीत गोठ्यालाही लागू होती. पद्मजानं राजांची तोंडं झाकली, मेरीचं झाकलं, गायीचंसुद्धा झाकलं. शेवटचा रुमाल घेऊन ती जोसेफपाशी आली.

अण्णा चंद्रप्रकाशच्या खांद्यावर हात ठेवून टेम्पोपाशी उभे होते. रुमाल झटकल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"तेचा झाकू नको गो," ते म्हणाले. "तेका बाळावर लक्ष ठेवूचा आसा."